सैल झालेला स्क्रू आणि ऐकीव आकडा

भाकऱ्या झाल्या, भांडी झाली, आता घटकाभर आमच्याजवळ बसा. आज बोलायचं आहे बसवलेल्या दाताबद्दल. आणि त्याच्याच जोडीनं, दाताबद्दल किंवा कुठल्याही दुखण्याबद्दल कुणी आपल्याला आकडा सांगितला, तर तो आकडा आला कुठून, हे कसं विचारायचं त्याबद्दलही.

सुरुवात आमच्याच गटातल्या एका काकूंपासून करतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगत नाही. काकूंची खालची दाढ किडून काढावी लागली होती. गटातून कर्ज काढून त्यांनी त्या जागी इम्प्लांट बसवून घेतलं, म्हणजे हाडात रोवलेला दात. दीड वर्ष छान गेलं. मग एक दिवस भाकरी चावताना दात जरासा फिरल्यासारखा वाटला. दुखत नव्हतं. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. "कर्ज फिटायच्या आत दात हलायला लागला म्हटल्यावर गटात तोंड कसं दाखवू?" हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. पाच महिने त्या दुसऱ्या बाजूनं जेवत राहिल्या. एका संध्याकाळी शेंगदाणे खाताना कट् असा आवाज झाला आणि दात हातात आला.

मग सगळ्यांची मतं सुरू झाली. एकीनं सांगितलं, अंगाला लोखंड मानवलं नाही. दुसरी म्हणाली, हाड कुजलं असेल. पुतण्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं, "काकू, शंभरातल्या पंचेचाळीस जणांचे स्क्रू सुटतात म्हणे!" आणि काकूंच्या पिशवीत एक पत्रक होतं, त्यावर छापलं होतं की शंभरातले सत्त्याण्णव इम्प्लांट टिकतात. काकूंनी आम्हाला विचारलं, "यातलं खरं काय? आणि मीच त्या तिघांतली कशी?"

शेवटी दंत महाविद्यालयात एक्स-रे निघाला. हाडात रोवलेला भाग जागच्या जागी घट्ट होता. मोडला होता तो फक्त आतला छोटा स्क्रू. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात आला असता तर घट्ट करून दिला असता, थोडक्यात काम झालं असतं." तुटलेला तुकडा काढायला दोन खेपा लागल्या. तो निघाला म्हणून बरं, नाहीतर चांगलं बसलेलं इम्प्लांटही वाया गेलं असतं.

म्हणून आजचं बोलणं. आधी स्क्रू समजून घेऊ, मग आकडा.

दाताचे तीन भाग

इम्प्लांट म्हणजे एकसंध दात नव्हे. त्याचे तीन भाग असतात. सगळ्यात खाली जबड्याच्या हाडात रोवलेला टायटॅनियमचा खुंट. त्यावर हिरडीतून वर येणारा मधला जोड, त्याला डॉक्टर अबटमेंट म्हणतात. आणि त्यावर आपल्याला दिसते ती कॅप, म्हणजे दाताचा आकार. मधला जोड खुंटाला धरून ठेवतो तो एक बारीक स्क्रू. काही दातांत कॅपही स्क्रूनंच बसवलेली असते, काहींत ती सिमेंटनं चिकटवलेली असते.

टायटॅनियम हे लोखंड नव्हे. हाड त्याला चिकटतं, ही गोष्ट स्वीडनमधले डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या १९५२ साली लक्षात आली. ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून रक्त कसं वाहतं ते पाहत होते. अभ्यास संपला, डबी काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला धरून बसलं होतं. पुढे १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात असे खुंट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त ते खुंट त्यांच्या कामी आले.

तर खुंट हाडात धरला की पुष्कळ टिकतो. त्यामानानं कच्चा दुवा असतो तो स्क्रू. आणि ते एका परीनं बरंच आहे. स्क्रू बदलता येतो, हाड बदलता येत नाही.

स्क्रू सैल का होतो?

आपण समजतो की स्क्रू आट्यांमुळे धरतो. खरं पाहता तो ताणामुळे धरतो. डॉक्टर पाना फिरवतात तेव्हा तो बारीक स्क्रू किंचित ताणला जातो. ताणलेला स्क्रू परत आखडायला बघतो आणि त्या ओढीनं वरचा जोड खालच्या खुंटावर दाबून बसतो. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. दोन्ही खुंट्यांना गाठी पक्क्या असल्या तरी दोरी ताणलेली नसेल तर कपडे लोळतात. पकड गाठीपेक्षा ताणात आहे.

आता नवी दोरी बांधा. आज ताणून बांधली तरी उद्या जराशी ढिली वाटते, मग आपण पुन्हा ओढून बांधतो. स्क्रूचंही तसंच. धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक खडबडीतपणा असतो. स्क्रू आवळला की ते उंचवटे दबतात आणि पहिल्या काही मिनिटांतच थोडा ताण कमी होतो. म्हणून पुष्कळ डॉक्टर एकदा आवळून दहा मिनिटं थांबतात आणि पुन्हा आवळतात. तुमच्या डॉक्टरांनी तसं केलं तर "पहिल्यांदा नीट बसलं नाही वाटतं" असं समजू नका. ती चांगली पद्धत आहे.

किती आवळायचं यालाही माप आहे. हाताच्या अंदाजानं भागत नाही. त्यासाठी मापाचा पाना असतो, त्याला टॉर्क पाना म्हणतात. कमी आवळला तर ताण पुरत नाही, जास्त आवळला तर स्क्रू मोडतो. प्रत्येक बनावटीचं माप वेगळं असतं. मधल्या जोडाच्या स्क्रूला पुष्कळदा ३० ते ३५ न्यूटन सेंटीमीटर इतका जोर सांगितलेला असतो.

एवढं करूनही काही जणींचा स्क्रू सैल होतो. कारणं अशी:

- एकट्या दाढेवर सगळा भार येणं. मागच्या दाढेवर चावण्याचा जोर सगळ्यात जास्त असतो.
- रात्री झोपेत दात खाण्याची सवय. आपल्याला कळत नाही, शेजारी झोपलेल्याला ऐकू येतं.
- कॅप जोडावर तंतोतंत न बसणं, किंवा तिची उंची जराशी जास्त राहणं.
- कॅपचा भाग खुंटाच्या बाहेर लांबवर झुकलेला असणं. टोकाला जोर पडला की मुळाशी स्क्रू हलतो.
- सुपारी फोडणं, हाडं चावणं, दातानं बाटलीचं झाकण काढणं. हे आपल्या हातात आहे, तेवढं तरी टाळू.

यात "अंगाला मानवलं नाही" हे कारण कुठेच नाही, हे लक्षात घ्या. स्क्रू सैल होणं हा तुमच्या शरीराचा दोष नव्हे आणि तुमच्या नशिबाचाही नव्हे.

ओळखायचं कसं, करायचं काय?

चावताना दात किंचित फिरतो, जिभेनं ढकलला तर हलतो, बारीक टकटक होते, तिथे अन्न अडकायला लागतं, वास येतो, हिरडी सुजते. यातलं एक जरी जाणवलं तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. धातूच्या दाताला संवेदना नसते, त्यामुळे स्क्रू सैल असला तरी दुखेलच असं नाही.

तोवर त्या बाजूनं खाऊ नका. दात बोटानं फिरवून घट्ट करायचा प्रयत्न करू नका. झटपट चिकटणारा गोंद तर अजिबात लावू नका. पुढे डॉक्टरांना स्क्रूपर्यंत पोचणंच अवघड होतं. दात निघून आला तर छोट्या डबीत घालून बरोबर न्या, फेकू नका.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, "हलतंय ते नेमकं काय? कॅप, स्क्रू, की हाडातला खुंट?" तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. स्क्रू सैल असेल तर तो घट्ट करतात किंवा बदलतात. खुंटच हाडात हलत असेल तर ते गंभीर, पुष्कळदा तो काढावा लागतो. वरून पाहून दोन्हीत फरक कळतोच असं नाही, एक्स-रे लागतो. आणि स्क्रू वरचेवर सैल होत असेल तर नुसता आवळून घेऊन परत येऊ नका. "का होतोय?" असं विचारा. कॅपची उंची तपासायला सांगा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना घालायचं संरक्षक मिळतं.

दात बसवतानाच एक कागद मागून घ्या. त्यावर इम्प्लांटची बनावट, माप आणि बसवल्याची तारीख असावी. प्रत्येक बनावटीचे स्क्रू आणि पाने वेगळे असतात. हा कागद नसला तर दुसऱ्या गावचा डॉक्टर हतबल होतो. जमिनीचा सातबारा जपता तसा तो जपा.

आता तो आकडा

पुतण्याचे पंचेचाळीस आणि पत्रकातले सत्त्याण्णव, यातलं खरं काय? आम्ही हा प्रश्न धसाला लावायचं ठरवलं. तेव्हा कळलं की दोन्ही आकडे कुणी मनानं रचलेले नव्हते. दोन्ही अर्धे होते.

पंचेचाळीसचा आकडा जुना आहे. १९९९ साली अमेरिकेत जुने अभ्यास गोळा करून एक आढावा छापला गेला. त्यात वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरामागे २ पासून ४५ पर्यंत जोडांचे स्क्रू सैल झाल्याची नोंद होती. सगळ्यात वाईट आकडे एकट्या दाताचे होते. त्यामागे कारणही होतं. सुरुवातीचे इम्प्लांट पूर्ण जबड्याच्या बत्तीशीसाठी केलेले होते. त्यांच्या डोक्यावर जेमतेम ०.७ मिलिमीटर उंचीचा षटकोनी उंचवटा असे. तसलाच खुंट एकट्या दातासाठी वापरला की सगळा भार बिचाऱ्या स्क्रूवर येई. पुढे जोड खुंटाच्या आत खोल बसवायला लागले, स्क्रूचा धातू सुधारला, मापाचे पाने आले.

पुढे स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकचे रोनाल्ड युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकट्या दाताच्या इम्प्लांटचे अभ्यास एकत्र केले. २००८ च्या त्यांच्या लेखात ५ वर्षांत शंभरामागे सुमारे १३ स्क्रू सैल झाल्याचा हिशेब निघाला, २०१२ च्या लेखात सुमारे ९. त्याच २०१२ च्या लेखात असंही आहे की ५ वर्षांनी शंभरातले सुमारे ९७ खुंट टिकून होते.

बघा, ९७ टिकले हेही खरं आणि ९ जणांचे स्क्रू सैल झाले हेही खरं. पत्रकानं खुंटाचा आकडा सांगितला, स्क्रूचा गाळला. पुतण्यानं वाचलेल्या मजकुरानं जुन्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलला, साल गाळलं आणि "२ पासून" हे दोन शब्दही गाळले. खोटं कुणीच बोललं नाही, पण काकू मात्र दोन्हीकडून फसल्या.

कुणी म्हटलं आणि कुणी पाहिलं

हे होतं कसं? शास्त्रातला लेख लिहिताना आधीच्या लेखांचा हवाला द्यायची रीत आहे: अमक्यानं अमुक साली असं लिहिलं. दुसरा लेखक तोच हवाला उचलतो, तिसरा दुसऱ्याचा. पुष्कळदा मूळ लेख उघडून न बघता. आपल्या पाणवठ्यावर होतं तेच. दहा जणी म्हणतात, पलीकडच्या आळीत चोर आला होता. प्रत्येकीला विचारत गेलं की कळतं, दहाही जणींनी एकीकडूनच ऐकलंय आणि तिनं फक्त कुत्री भुंकताना ऐकली होती. म्हणजे साक्षी दहा नव्हेत, साक्ष एकच, तीही कच्ची.

कुठल्या लेखाचा हवाला कुणी किती वेळा दिला, हे मोजायचं एक शास्त्रच आहे. अमेरिकेतले युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली आणि १९६४ पासून त्याची मोठी सूची छापायला सुरुवात केली. तिच्यामुळे विचाराचा माग काढता येतो: मूळ कुठलं, फांद्या कुठवर गेल्या. उपयोगाची गोष्ट आहे. पण हवाले जास्त म्हणजे लेख खरा, असं मात्र नाही.

याचं एक उदाहरण दातांबाहेरचं आहे, पण ते आपल्या लसीकरणाच्या दिवसाशी जोडलेलं आहे. १९९८ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा लेख आला. फक्त १२ मुलांवरून त्यात गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा असं सुचवलं होतं. २००४ मध्ये त्यातल्या १० सहलेखकांनी तो निष्कर्ष मागे घेतला. २०१० मध्ये साप्ताहिकानं सगळा लेखच रद्द केला. पुढे मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. तरी त्या लेखाचे हवाले हजाराच्या वर आहेत. २०१९ मध्ये काही अमेरिकी अभ्यासकांनी असे ११५३ लेख तपासले, तेव्हा सुमारे ७३ टक्के लेखांत त्याच्यावर टीकाच होती. नुसती संख्या मोजली असती तर वाटलं असतं, केवढा मान्यवर लेख!

लेखावर नाव कुणाचं, हाही मोठा प्रश्न आहे. गटाची पापडाची ऑर्डर पूर्ण होते, पीठ मळणाऱ्या वेगळ्या, लाटणाऱ्या वेगळ्या, आणि फोटोत पुढे भलतीच कुणीतरी. लेखांतही तसं होतं. काम न केलेल्या साहेबांचं नाव मानाखातर घालतात, राबलेल्या मुलीचं गाळतात. म्हणून वैद्यकीय मासिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं नियम केले आहेत. २०१३ पासून ते चार आहेत: कामात खरा हातभार हवा, लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग हवा, शेवटचा मजकूर मान्य केलेला हवा आणि चूक निघाली तर जबाब द्यायची तयारी हवी. चौथा नियम आम्हाला सगळ्यात आवडला. सही करायची तर उत्तरही द्यायचं.

मग भरवसा ठेवायचा कशावर? पुन्हा ब्रोनेमार्क यांच्याकडे जाऊ. त्यांच्या म्हणण्यावर बरीच वर्षं दंतवैद्यांचा विश्वास बसत नव्हता. कॅनडातल्या टोरोंटोचे जॉर्ज झार्ब यांनी ते काम स्वतःच्या रुग्णांवर करून पाहिलं, त्यांनाही तोच गुण आला. १९८२ साली टोरोंटोत परिषद भरली आणि तिथून इम्प्लांटला जगभर मान्यता मिळत गेली. झार्ब यांनी शब्दांची री ओढली नाही, काम पुन्हा करून पाहिलं. दुसरी साक्ष म्हणतात ती ही.

चार प्रश्न

आपल्याला इंग्रजी लेख वाचायचे नाहीत. पण कुणी आकडा सांगितला, डॉक्टर असो, पत्रक असो, मोबाइल असो, तर चार प्रश्न विचारता येतात:

१. हा आकडा नेमका कशाचा? खुंट टिकण्याचा, की स्क्रू सैल होण्याचा?
२. कुठल्या सालचा, आणि किती वर्षं रुग्णांना पाहून काढलेला?
३. सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलंय, की दुसऱ्याचं ऐकून सांगतोय?
४. अभ्यासाचे पैसे कुणी दिले? इम्प्लांट विकणाऱ्यानंच दिले असतील तर आकडा खोटा ठरत नाही, पण दुसरी साक्ष शोधायला हवी.

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि "आयुष्यभर काही बघावं लागणार नाही" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. हाडात रोवलेल्या दातालाही वर्षातून निदान एकदा तपासणी लागते.

काकूंचा दात आता पुन्हा बसला आहे. कर्जाचे चार हप्ते राहिलेत. गटाच्या बैठकीत त्यांनी स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. त्या दिवशी आम्हाला आमचीही चूक दिसली. काकू पाच महिने गप्प राहिल्या, कारण त्यांना आमची भीती वाटली. म्हणून आम्ही ठरवलं आहे, उपचारासाठी कर्ज घेतलेल्या बाईला हप्त्याआधी तब्येत विचारायची. मग हप्ता.

तुमच्या गटात कुणाचा बसवलेला दात हलत असेल, तर तिला आजच सांगा: लाजू नकोस, थांबू नकोस, जाऊन दाखव. आणि येताना विचारून ये, हलतंय ते नेमकं काय.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.